सत्ताविसावी ओळ

जानेवारी लागला की आमच्या मजल्यावर सहसा कोणी आजारी पडत नाही. लग्न ठरलंच तर एप्रिलनंतरचा मुहूर्त काढतात. या दिवसांना आम्ही सीझन म्हणतो. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहर येतात. आमचा एकच, जानेवारीच्या अखेरीपासून १५ एप्रिलपर्यंत. त्या अडीच महिन्यांत अमेरिकेतले लोक आयकराची रिटर्न्स भरतात आणि त्यातली काही आम्ही, नागपूरच्या मिहानमध्ये, रात्र जागून तयार करतो.

संध्याकाळी साडेसहाला खापरीच्या मेट्रो स्टेशनवरून कंपनीची बस, पहाटे साडेतीनला घरी सोडणारी कॅब. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि आमची बस साडेपाचची होते. त्यावेळी नागपुरात ऊन तापायला लागलेलं असतं, एवढाच त्याचा त्रास. मिहान या नावात कार्गो हब आहे, एअरपोर्ट आहे. माझ्या हातून मात्र इथे नऊ वर्षांत मालाची एक पेटी हललेली नाही. हलले ते नुसते आकडे.

त्याआधी मी धरमपेठेतल्या एका सीएच्या ऑफिसात होते. बी.कॉम. झाल्यावर सीएचा एक ग्रुप निघाला, दुसरा काही निघाला नाही. तिथे येणारं गिऱ्हाईक बहुतेक एकच गोष्ट विचारायला यायचं: उत्पन्न कमी कसं दाखवता येईल? कर म्हणजे सरकारनं घ्यायचा आणि आपण वाचवायचा, एवढीच माझी समजूत. ती मोडली ती अमेरिकेच्या १०४० नंबरच्या फॉर्मवरच्या सत्ताविसाव्या ओळीनं.

त्या ओळीत अर्न्ड इन्कम क्रेडिट येतं. आम्ही त्याला ईआयसी म्हणतो. कमी पगारावर राबणाऱ्या माणसाला सरकार करातून सूट देतं आणि सूट करापेक्षा जास्त निघाली तर वरची रक्कम त्याच्या खात्यात टाकतं. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मी हात वर करून विचारलं होतं, 'सर, कर भरलाच नाही तर परत काय मिळणार?' सगळा वर्ग हसला. प्रश्न सगळ्यांचाच होता, विचारला मी.

सरांनी फळ्यावर रेघ काढली. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना आधी घाट चढतो, मग पठार लागतं, मग पलीकडे उतरायचं, तसा या क्रेडिटचा आकार. २०२३ सालचे आकडे घेऊ. दोन मुलं असलेल्या माणसाला कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट क्रेडिट. कमाई १६,५१० डॉलर झाली की क्रेडिट ६,६०४ वर पोचतं आणि घाट संपतो. तिथून २१,५६० पर्यंत पठार: कमाई वाढली तरी क्रेडिट तेवढंच. त्यापुढे उतार, वरच्या प्रत्येक डॉलरमागे २१.०६ सेंट कमी होत होत ५२,९१८ ला शून्य. हे एकट्या पालकाचं. नवरा-बायको मिळून रिटर्न भरत असतील तर उतार जरा उशिरा सुरू होतो. एक मूल असेल तर चढ ३४ सेंटांचा आणि माथा ३,९९५. तीन किंवा जास्त असतील तर ४५ सेंटांचा आणि ७,४३०. मूलच नसेल तर डॉलरमागे फक्त ७.६५ सेंट आणि माथा अवघा ६०० डॉलर.

हे ७.६५ कुठून आलं, हे मला दोन सीझन कळलं नव्हतं. पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापतात, त्यांची ही बेरीज. गरिबातल्या गरिबालाही ही कपात चुकत नाही. १९७५ साली लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांच्या पुढाकारानं हे क्रेडिट आलं, तेव्हा कल्पना हीच होती: कामाला जाणाऱ्याच्या हातून या कपातीपोटी जे जातं, ते दुसऱ्या वाटेनं त्याला परत द्यायचं. त्यावेळी दर १० टक्के होता आणि जास्तीत जास्त ४०० डॉलर मिळत.

नमुन्याला एक रिटर्न सांगते. गोपनीयतेचा करार आहे, म्हणून माणूस आणि आकडे बदललेत. हिशोबाची रीत खरी. बाई एकटी. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. आठवडाभर वृद्धाश्रमात मदतनीस, शनिवार-रविवार गोदामात पॅकिंग. मालक दोन, म्हणून पगाराचे दाखले दोन. त्यांना डब्ल्यू-२ म्हणतात. एकावर १९,३४०, दुसऱ्यावर ८,६९०. बेरीज २८,०३०. म्हणजे बाई पठार ओलांडून उताराला लागलेली. तिथल्या आयकर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, तक्त्यात ५०-५० डॉलरांचे टप्पे असतात. २८,००० ते २८,०५० या टप्प्याचा मध्य धरायचा, २८,०२५. त्यातून २१,५६० गेले, उरले ६,४६५. त्याचे २१.०६ टक्के म्हणजे १,३६१ आणि वर काही सेंट. ते ६,६०४ मधून वजा केले की ५,२४२. सत्ताविसाव्या ओळीत हाच आकडा.

आता तिचा कर. कुटुंबप्रमुख म्हणून २०,८०० ची वजावट, मग करपात्र उरले ७,२३०, त्यावर कर ७२३. तो मुलांसाठीच्या वेगळ्या सवलतीतच पुसला जातो. म्हणजे ५,२४२ पूर्णच्या पूर्ण तिच्या हातात. सव्वादोन महिन्यांचा पगार झाला. सॉफ्टवेअर हे क्षणात करतं, तरी आमच्या रिव्ह्यूअरचा दंडक आहे, सीझनमधलं पहिलं ईआयसी कॅल्क्युलेटरवर करायचं. मला तो आवडतो. बाईचं नाव दिसतं, मुलांच्या जन्मतारखा दिसतात. सोशल सिक्युरिटी नंबराच्या जागी फुल्या. अमेरिकेबाहेर कागद पाठवायला करदात्याची लेखी संमती लागते, ती तिनं कुठल्याशा काउंटरवर सही करून दिलेली असते. खापरी कुठे आहे हे तिला कशाला माहीत असेल!

हिशोब सोपा आहे. अवघड असतं ते मूल कोणाचं हे ठरवणं. मूल वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस त्या माणसाच्या घरी राहिलेलं हवं. वय १९ च्या आत, पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत. पोटचंच असायला हवं असं नाही. नातू चालतो, भाचा-पुतण्या चालतो, धाकटा भाऊ चालतो. हे वाचताना मला आपली घरं आठवली, आजोळी वाढलेली पोरं आठवली. पण एकाच नातवावर आई आणि आजी दोघींनी हक्क सांगितला तर आईचा आधी. आणि आई एकाच छपराखाली राहत असेल, तर तिनं हक्क सोडला तरी आजीचं उत्पन्न तिच्याहून जास्त असल्याशिवाय आजीला मिळत नाही. एका सीझनला असं एक रिटर्न तीनदा परत गेलं. कायद्यानं आखलेलं ते कुटुंब आणि प्रत्यक्ष नांदणारं कुटुंब यांचा मेळ घालणं हेच आमचं निम्मं काम.

दुसऱ्या सीझनची एक चूक अजून टोचते. घरी बसून केसांच्या वेण्या घालून देणारी एक बाई, सगळी कमाई रोखीची. तिनं वर्षाचं उत्पन्न म्हणून शून्यांनी संपणारा एक गुबगुबीत आकडा दिला होता. मी तो भरून पुढे पाठवला. रिव्ह्यूअरनं बोलावलं. 'यात काही खटकत नाही तुला?' मी म्हटलं, 'खटकण्यासारखं काय? उत्पन्न दाखवलंय, लपवलेलं नाही.' ते हसले. 'धरमपेठेतून आलीस ना? इथे दाखवणं हीसुद्धा लबाडी असू शकते.' आकडा त्या वर्षीच्या पठाराच्या काठाला अगदी टेकलेला होता. चढावर असलेल्या माणसानं कमाई फुगवली की क्रेडिट वाढतं. माझ्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं. गिऱ्हाईकाला आहे त्यापेक्षा जास्त उत्पन्न दाखवावंसं वाटेल, अशी दुनिया मी पाहिलीच नव्हती.

अशा वेळी विचारपूस करणं तयार करणाऱ्याला बंधनकारक आहे. त्यासाठी ८८६७ नंबरचा वेगळा फॉर्म असतो, आणि हयगय झाली तर एकेका चुकीला पाचशे डॉलरांहून जास्त दंड. प्रश्न गेले. आठवड्यानं वहीच्या पानांचे फोटो आले. रेघांची वही, कडेला पोरांनी चिकटवलेले चमकीचे स्टिकर, आणि प्रत्येक रविवारपुढे पेन्सिलीनं डोकी आणि डॉलर. मी बेरीज केली. दाखवलेल्या आकड्याहून बरीच कमी भरली. बाई खोटारडी होती असं मला वाटत नाही. कोणीतरी तिला 'एवढा लिही' म्हणून सांगितलं असणार. बेरजेप्रमाणे क्रेडिट खाली आलं. नियम पाळला, आणि त्या रात्री डबा न खाता तसाच घरी नेला.

तिकडचं सगळं गोड आहे अशातला भाग नाही. ज्यांना हे मिळायला हवं त्यांच्यातल्या पाचांतला एक मागतच नाही, हे आयआरएसच सांगतं. ईआयसी असलेले परतावे मध्य फेब्रुवारीपर्यंत कायद्यानंच रोखून धरतात, आणि भाडं थकलेल्या माणसाला तेवढे दिवसही जड जातात. शिवाय रिटर्न भरून देणारा आपली फी बऱ्याचदा त्या परताव्यातूनच कापून घेतो. त्या फीतला एक कण समुद्र ओलांडून वर्धा रोडला येतो आणि महिनाअखेरीस माझ्या पगारात मिसळतो. हे लक्षात आल्यापासून मी उगाच कोणाच्या नावानं बोटं मोडत नाही.

ही झाली तिकडची गोष्ट. आता इकडची.

जुलै २०२४. सीझन संपलेला, पावसाची झड लागलेली. आमच्या पॅन्ट्रीत रात्री साफसफाई करणाऱ्या मावशी मोबाईल घेऊन आल्या. 'मॅडम, तुम्ही टॅक्सचंच काम करता ना? माह्या पैशाले पाहा ना जरा. सहा हजार कमी आले.' त्या ठेकेदाराच्या माणूस. ठेकेदार बदलला तेव्हा जुना पीएफ त्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी काढून घेतला होता. पावणेतीन वर्षांचे जमलेले ६४,२०० रुपये. हातात आले ५७,७८०.

कापणाऱ्यानं नियमानंच कापलं होतं. पाच वर्षांच्या आत ५० हजार किंवा त्याहून जास्त पीएफ काढला की १० टक्के टीडीएस. उत्पन्न करपात्र नसेल तर तेव्हा आधी १५जी फॉर्म जोडावा लागे, म्हणजे कापत नसत. ज्या दुकानातून त्यांनी ऑनलाइन अर्ज केला, तिथे ते कोणी सांगितलं नाही. मावशींचा वर्षाचा पगार दीड लाखाच्या आसपास. पीएफची रक्कम त्यात मिळवली तरी कर शून्य. म्हणजे ६,४२० रुपये त्यांचेच, फक्त सरकारकडे पडलेले. ते आणायचे तर रिटर्न भरायचं, शक्यतो ३१ जुलैच्या मुदतीत. मी म्हटलं, 'अर्ध्या तासाचं काम आहे मावशी, उद्या पॅन आणि आधार घेऊन या.'

त्या आल्या नाहीत. दोन दिवसांनी मीच गाठलं तर म्हणाल्या, 'राहू द्या मॅडम. रिटर्न भरलं का मी टॅक्सवाली होईन, मंग लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद होतीन. सुपरवायझर सांगून राहिला होता.'

त्या महिन्यात सगळ्या बाया लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्यात होत्या. कुटुंबात कोणी आयकरदाता असेल तर अपात्र, अशी अट खरोखरच आहे. रिटर्न भरणं निराळं आणि कर भरणं निराळं, हे मी समजावलं. पण छाननीच्या टेबलावरचा माणूस हा फरक करीलच, याची हमी मी कुठून देऊ? मावशींनी पोछाच्या दांड्यावर हनुवटी टेकवून तोंडीच हिशोब केला. पंधराशे गुणिले बारा, अठरा हजार. तेही दर वर्षी. इकडे सहा हजार, एकदाच. 'सांगा मॅडम, कोणतं सोडू?' नऊ वर्षं मी क्रेडिटचे तक्ते पाहते आहे. इतका चोख हिशोब माझ्या टीममध्ये फार थोड्यांना जमला असता.

या योजनेची दुसरी अट, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. दोन लाख पन्नास हजार झाले तर पूर्ण पंधराशे, वर हजार रुपये झाले तर काहीच नाही. त्या अमेरिकन बाईला उतार आहे. डॉलर वाढला तर २१ सेंट जातात, बाकीचे राहतात. आमच्याकडे उतार नाही, कडा आहे. कड्याजवळ उभा असलेला माणूस हलत नाही. मावशी हलत नव्हत्या यात त्यांचं अडाणीपण मुळीच नव्हतं.

शेवटी मुलीनं तोडगा काढला. नर्सिंगची पोरगी, तिनं शासन निर्णय मोबाईलवर वाचून आईला सांगितलं, शून्य कर भरणारा करदाता होत नसतो. २९ जुलैच्या रात्री पॅन्ट्रीतल्या टेबलावर माझ्या लॅपटॉपवर रिटर्न भरलं. आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा निघाला. तो झोपलेला. त्याला उठवून ओटीपी विचारता विचारता दोनदा वेळ संपली, तिसऱ्यांदा जमलं.

राखीच्या आधी लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे ३,००० आले. ऑगस्ट संपता संपता परतावाही आला: ६,५८०. मावशींना वरचे १६० कळेनात. मी म्हटलं, 'व्याज आहे. तुमचे पैसे सरकारकडे पडून होते ना, महिन्याला अर्धा टक्का.'

'सरकारनं मले व्याज देलं?' त्यांनी तो मेसेज सगळ्या बायांना दाखवला. त्या पावसाळ्यात मी अशी आणखी अकरा रिटर्न्स भरली. सगळ्यात मोठा परतावा नऊ हजारांचा होता.

त्या अमेरिकन बाईचा परतावा आणि मावशींचा परतावा, आमच्या बोलीत दोन्ही रिफंडच. पण मावशींना मिळालं ते त्यांचंच होतं, एका कागदावाचून कापलेलं. त्या बाईला मिळालं ते तिच्या मजुरीत मालकानं न घातलेलं. आपल्या आयकर कायद्यात या दुसऱ्या प्रकारच्या रिफंडाला जागा नाही. करात सूट आहे, पण ती कर शून्य करून थांबते, शून्याच्या खाली जात नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्पात नव्या प्रणालीतली ही सूट सात लाखांवरून बारा लाखांवर नेली. शनिवार होता, पण सीझन असल्यानं ऑफिस चालू. मॅनेजरनं समोसे मागवले. मी हिशोब केला, माझे वर्षाला काही हजार वाचत होते. मावशी रिकाम्या प्लेटा गोळा करायला आल्या आणि विचारलं, कशाचे समोसे? मी सांगितलं. 'बरं झालं,' त्या म्हणाल्या. दीड लाखवाल्याला बारा लाखांच्या सुटीतून मिळण्यासारखं काही नसतं.

फेब्रुवारीचा पगार झाल्यावर गेटवरचा सिक्युरिटीचा भाऊ पगाराची पावती घेऊन उभा. मावशींनीच पाठवलेला. साडेचौदा हजारांचा पगार, आणि दर महिन्याला २०० कापतात ते या महिन्यात ३०० कापले. 'मॅडम, हा परत भेटते का?'

हा व्यवसाय कर. अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे. पुरुषाला दहा हजारांच्या वर पगार गेला की पूर्ण लागतो. साडेचौदा हजारवाल्यालाही अडीच हजार आणि माझ्या मॅनेजरलाही अडीच हजार. योगायोग असा, की हा करही १९७५ चाच. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, तिला पैसा हवा म्हणून पगारदारांवर महाराष्ट्रानं हा कर बसवला. वॉशिंग्टनमध्ये ईआयसीचा कायदा झाला त्याच साली.

'नाही भाऊ, हा परत येत नाही,' मी म्हटलं. कशासाठी लावला होता तेही सांगितलं.

'रोजगार हमी? आमचा बाप होता ना पाझर तलावाच्या कामावर,' तो म्हणाला. मग कॅबचा नंबर रजिस्टरात लिहून त्यानं पावती घडी करून खिशात टाकली. पावतीवर त्या ३०० समोर 'पीटी' एवढी दोनच अक्षरं होती.